दुखवट्याची टोपी

एसटीतून उतरून आकाराम पारापाशी आला तेव्हा पहिल्यांदा भाऊसोनंच त्याला ओळखलं.

"या पाव्हणं," तो पारावरून ओरडला. "आनली का टोपी?"

पारावर बसलेली चार-पाच माणसं हसली. त्यातल्या एकानं डोक्यावरची गांधी टोपी काढली, तिची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि बारीक आवाजात म्हणाला, "आलो, आलो." हसू आणखी वाढलं. भाऊसो मात्र हसला नाही. त्यानं त्या माणसाच्या हातावर चापट मारली.

"तुला न्हाई करायला सांगितलं," तो म्हणाला. "माझ्या भावाचं हाय ते."

मग सगळे आकारामकडे बघायला लागले. आकाराम पुढं निघाला. त्याच्या हातातल्या कापडी पिशवीत खरोखरच एक टोपी होती. नवी, पांढरी. तिच्याखाली एक टॉवेल आणि एक हिरवी साडी होती. सदऱ्याच्या आतल्या खिशात एक छापील कागद होता. त्यावर त्याला बहिणीची सही हवी होती.

बहीण राहीबाई. त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, आता सत्तरीला आलेली. लग्न होऊन ती पाटणकडून या कुंडलच्या बाजूच्या गावात आली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. नवरा ज्ञानू, म्हणजे भाऊसोचा मोठा भाऊ, पावणेदोन वर्षांपूर्वी वारला. मुलगा शिवतेज फौजेत होता. तो तीन वर्षांपूर्वी लडाखमध्ये गाडी दरीत कोसळून गेला. उशिरा झालेला, एकुलता एक होता. लग्न व्हायचं होतं.

राहीबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, भावाला पाहिलं आणि पुन्हा ताटात बोटं घातली. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

"आक्का," आकाराम म्हणाला.

"चप्पल तिकडंच काड," ती म्हणाली. "लोटलंय आत्ताच."

तो खालच्या पायरीवर बसला.

आकारामला नट व्हायचं होतं, आणि एका अर्थानं तो झालाही होता. साताऱ्यात एसटीच्या वर्कशॉपमधली नोकरी त्यानं तिसाव्या वर्षी सोडली, त्याला आता चौतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यानं सिनेमात आणि मालिकांत मिळून शंभरावर कामं केली. त्यातली बहुतेक एका पानाची. हवालदार, कंपाउंडर, तलाठी, वधूपिता, दोनदा प्रेत. साताऱ्याच्या आसपास शूटिंग असलं की त्याला हटकून फोन यायचा, कारण तो जवळ राहायचा, वेळेवर यायचा आणि जेवणावरून भांडायचा नाही. रस्त्यात लोक त्याला थांबवून म्हणायचे, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय." नाव कुणालाच आठवत नसे.

काम करायची त्याची एक रीत होती. तो माणसं बघायचा. फलटणला एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एक बाबू होता. आकडा सांगताना तो हनुवटी छातीला लावायचा. आकारामनं ती हनुवटी एका तलाठ्याला दिली. पाटणचा पोस्टमास्तर पाकीट देण्याआधी ते कानाशी हलवून बघायचा. ते हलवणं एका भ्रष्ट डॉक्टरला गेलं. स्वतःच्या आईची कानाची पाळी ओढायची सवयसुद्धा त्यानं एका कंजूष वाण्याला देऊन टाकली होती. असं काही घेतल्याशिवाय त्याला कॅमेऱ्यापुढं उभंच राहता येत नसे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना त्याचा पत्ताही नसायचा, त्यामुळे कुणी विचारायला आलं नाही. आपण काही नेतो असं त्यालाही कधी वाटलं नाही.

मग शिवतेज गेला.

शवपेटी गावात आली तेव्हा राहीबाईला अंगणातच चक्कर आली. बायकांनी तिला आत नेऊन निजवलं. शुद्धीवर आली तेव्हा पुरुषमंडळी स्मशानात पोचली होती. तिथं फौजेचे जवान होते, तालुक्याचे साहेब होते, आणि सगळ्यांच्या पुढं ज्ञानू उभा होता. आकाराम त्याच्या मागं तीन हातांवर होता. चितेला अग्नी दिल्यावर ज्ञानू रडला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, उभ्या रेघेवर नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. क्षणभरानं त्यानं डोकं चाचपलं. टोपी सापडेना म्हणून तो आजूबाजूला जमिनीवर शोधायला लागला. मग खिशात हात गेला, टोपी काढून त्यानं डोक्यावर घातली. पुन्हा काहीतरी आठवलं आणि काढली. पुन्हा घडी, पुन्हा खिसा. असं चार-पाच वेळा झालं. मधेच तो म्हणायचा, "आलो, आलो." दारात बोलावणाऱ्याला आतून म्हणावं तसं.

गावातल्या सगळ्या पुरुषांनी ते पाहिलं. कुणी कधी बोललं नाही.

त्या गावात रीत अशी की तरणा मुलगा गेला तर बाप तेराव्यापर्यंत उघड्या डोक्यानं राहतो. तेराव्याला सोयरे दुखवट्याचा आहेर घेऊन येतात आणि मुलाचा मामा बापाच्या डोक्यावर नवी टोपी ठेवतो. ती ठेवली की बाप पुन्हा चारचौघांत उठू-बसू लागतो. मामाखेरीज तो मान दुसऱ्या कुणाचा नाही. शिवतेजच्या तेराव्याला आकाराम आला नाही. पंगत तीन वाजेपर्यंत थांबवली. शेवटी भाऊसो म्हणाला, "दादा, मी ठिवतो." ज्ञानू म्हणाला, "येऊंदे त्येला." आकारामनं संध्याकाळी फोनवर ताप आल्याचं सांगितलं. ज्ञानू त्यानंतर सव्वा वर्ष जगला. त्यानं टोपी घातली नाही, आणि तो पारावरही गेला नाही.

त्या तेराव्यानंतर दोन महिन्यांनी एका मालिकेत एक प्रसंग दाखवला. आकाराम त्यात नायकाचा दारुडा काका होता. काकाची बकरी मरते. काका टोपी काढतो, घडी घालतो, खिशात ठेवतो, शोधतो, घालतो, पुन्हा काढतो, "आलो, आलो" म्हणतो. मागं टुणटुण वाजणारं संगीत होतं. महाराष्ट्र हसला. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याचं स्टिकर केलं, आणि ते फोनाफोनी फिरायला लागलं. कुणाला कामाला बोलावलं, जेवायला बोलावलं की उत्तर म्हणून टोपी खिशात ठेवणारा आकाराम यायचा. ज्ञानूच्या मातीला तो आला होता, पण भाऊसोनं त्याला खांदा देऊ दिला नाही. सगळ्यांसमोर त्याचा हात तिरडीवरून काढला होता.

आता त्याच स्टिकरमुळं त्याला पहिल्यांदा मोठं काम आलं होतं. पुण्याचा वीरधवल नावाचा एक तरुण दिग्दर्शक फौजीच्या बापावर सिनेमा काढत होता. बापाचं काम, म्हणजे सिनेमाभर काम. त्यानं आकारामला विचारलं, ते टोपीचं तुम्हाला कुठं सुचलं? आकारामनं सांगून टाकलं. वीरधवल खुर्चीतून उठलाच. त्याच घरात, त्याच गावात शूटिंग करू म्हणाला. पण निर्मात्यानं अट घातली. जवानाच्या घरच्यांची लेखी संमती पाहिजे, नाहीतर उद्या गाव अंगावर येईल. संमती नसेल तर आकारामला घेण्यातही अर्थ नव्हता. त्याला शनिवारपर्यंत मुदत दिली होती. आज शुक्रवार होता.

आकारामनं पिशवी वरच्या पायरीवर ठेवली आणि आतलं बाहेर काढलं. राहीबाईनं टोपीकडं पाहिलं.

"कुनाच्या डोस्क्यावर घालायची ही?" तिनं विचारलं.

"आक्का, माझं चुकलं. उशीर झाला, पन—"

"फोटोच्या घालतुस? घाल. आत भिताडाला हाय. स्टूल दिऊ?"

"आक्का..."

"तीन वर्सांत टोपी आनाय तुला रस्ता सापडला न्हाई. आन् आज साडी घिऊन आलास. कागुद कुठाय?"

तो चपापला.

"भाऊसोला त्या पुन्याच्या पोराचा फोन आलाय परवा," ती म्हणाली. "गाडी लावाय जागा हाय का म्हनून इचारत व्हता. तुज्या आदी त्येला कळलं. काड कागुद."

त्यानं कागद काढला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. आकाराम तोवर बोलत राहिला. शिवतेजचं नाव होईल, दाजींचं नाव होईल, लोकांना कळेल बापाचं काय होतं ते. या वेळी हसायचं काही नाही. या वेळी खरं.

"आन् तुजं?" तिनं वर न बघता विचारलं. "तुजं काय हुईल?"

"माझं... माझं चौतीस वर्सांत पयलं काम हाय, आक्का. मोठं."

"व्हय. ते बोल. पोराचं नाव कशाला फुडं करतुस?"

तिनं कागद ताटाखाली ठेवला. तांदूळ बाजूला सारले.

"एक सांग मला," ती म्हणाली. "मी मसनात नव्हते. मला कुनी काय सांगितलं न्हाई. ह्यांना इचारलं, ह्ये बोलले न्हाईत. भाऊसोला इचारलं, त्यो उठून गेला. मग एक दिवस शेजारच्या पोरीच्या फोनात तू दिसलास. सगळी हसत व्हती, मी बी हसले. खोटं कशाला सांगू, हसले. मग ह्यांनी फोन बगितला आन् परड्यात जाऊन बसले. तवा मला कळलं ते कुनाचं हाय. माजा नवरा लेकाच्या सरनाफुडं कसा व्हता, ते मला बकरीच्या खेळात कळलं."

आकारामनं मान खाली घातली.

"मान घालू नगंस. ते बी कुनाचं तरी असंल. सांग. त्यातलं त्यांचं किती आन् तुजं किती?"

"सगळं त्यांचंच हाय," तो म्हणाला. "मी फकस्त जोरात केलं." आणि सांगता सांगता त्याचा उजवा हात उठून डोक्याकडं गेला.

"हात खाली," राहीबाई म्हणाली.

"न्हाई, मी फकस्त दाखवतोय कसं..."

"दाखवू नगंस. तोंडानं सांग. हात मांडीखाली घाल."

चौसष्ट वर्षांच्या आकारामनं दोन्ही हात मांडीखाली घातले. शाळेत गोंधळ घालणाऱ्या मुलाला बसवतात तसा तो बसला. सांगायला सुरुवात केली आणि अडखळला. त्याला शब्द सापडेनात. ज्ञानू कसा वाकला, कुठं शोधलं, बोटं कशी होती, हे सगळं त्याच्या अंगात होतं, पण तोंडात नव्हतं. घडी म्हणायचा आणि गप्प व्हायचा. खांदे हलायचे, मान वळायची. तिनं दोनदा बजावलं, "गप बस. हलू नगंस." शेवटी त्यानं डोळे मिटले आणि तुटक तुटक सांगितलं. टोपी काढली. खिशात ठेवली. मग हरवली असं वाटलं त्यांना. खाली शोधली.

"आन् ते आलो आलो? ते त्या मालिकावाल्यांनी लिवलं ना?"

"न्हाई."

राहीबाईनं चष्मा काढला.

"दाजीच म्हनत व्हते," आकाराम म्हणाला. "लाकडाकडं बगून. कुनीतरी हाक मारल्यावानी."

तिनं पदरानं चष्मा पुसला. मग तिनं विचारलं, "कवा केलास ह्यो खेळ तू? कुठल्या दिवशी?"

इथं खोटं बोलता आलं असतं. आकारामनं डोळे उघडले होते, पण हात अजून मांडीखालीच होते, आणि तसं बसून त्याला खोटं बोलता आलं नाही.

"तेराव्याला," तो म्हणाला. "आदल्या दिशी फोन आला. मला वाटलं दुपारपातूर सुटतोय, गाडी काडतो आन् येतो. सीन जमंना. मी तिगाचौगांचं रडनं करून बगितलं, कुनीच हसंना. दिग्दर्शक वैतागला. मग मी टोपी काडली."

"किती वाजलं व्हतं?"

"तीन."

"तीनला आमची पंगत बसली," राहीबाई म्हणाली. "म्हंजी ह्ये हितं उगड्या डोस्क्यानं तुजी वाट बगत व्हते, आन् तू तिकडं त्यांची टोपी घालत व्हतास. ताप नव्हता तुला."

"न्हाई."

"येकदाच केलंस?"

"तीनदा. येक लांबनं, दोन जवळनं."

तिनं टोपी, टॉवेल, साडी पिशवीत भरली आणि पिशवी त्याच्या मांडीवर टाकली. "जा आता," ती म्हणाली. "आन् उद्या दहाला त्या पोराला घिऊन ये. त्येच्याशी बोलायचंय मला. कागुद माज्यापाशी ऱ्हाऊंदे."

आकाराम त्या दिवशी तासगावच्या लॉजवर राहिला. कागद तिनं फाडला नव्हता. ठेवून घेतला होता. त्यानं वीरधवलला फोन करून सांगितलं की काम होईल. फोन ठेवल्यावर त्यानं आरशापुढं उभं राहून गालावरून हात फिरवला आणि दाढी वाढवावी लागेल असा विचार केला.

सकाळी दहाला वीरधवलची गाडी अंगणात उभी राहिली. भाऊसो आधीच येऊन ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. राहीबाईनं वीरधवलला चहा दिला. आकारामसाठी कप आणला नाही. वीरधवलच्या ते लक्षात आलं आणि तो आपला कप हातात धरून अवघडून बसला.

"आजी, तुमचे उपकार होतील," तो म्हणाला. "आम्ही फार जपून करू. एकही गोष्ट तुम्हाला न विचारता करणार नाही."

"करा," राहीबाई म्हणाली. "माजा शिवतेज आन् त्येचा बाप, दोगं बी कुनी इसरू नये. घर घ्या, परडं घ्या, त्यांची कापडं ट्रंकंत हायती, ती बी घ्या. मी सही केलीया." तिनं कागद पुढं केला. "खाली येक वळ लिवलीया, ती वाचा."

वीरधवलनं वाचलं. छापलेल्या मजकुराखाली निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बापाचे काम आकारामने करायचे नाही. दुसरे कोणीही चालेल.

त्यानं कागद खाली ठेवला आणि आकारामकडं पाहिलं. आकारामनं हात पुढं करून कागद घेतला आणि वाचला.

"आक्का, अगं हे काय!" तो म्हणाला. "मी सांगितलं की तुला सगळं. काय लपवलं न्हाई."

"म्हनून तर वळ लिवली. न्हाईतर कागुदच जाळला असता."

"माझ्यासारखं दुसरं कोन करनार न्हाई ते! मी बगितलंय! डोळ्यांनी!"

"बगितलंस तेच तर," भाऊसो खांबापासून म्हणाला. "आमी बी बगितलं. आमी मान फिरवली."

"तू मदी बोलू नगं."

"मी बोलनार. लय दिस गप बसलोय. पाव्हणं, तुमाला त्या दिशी दादाला धरावं वाटलं न्हाई? हात धरावा, टोपी हुडकून द्यावी? तीन हातांवर व्हता तुमी. बगत ऱ्हायलासा."

आकारामनं हातातला कागद खाली ठेवला. तो वीरधवलकडं वळला. "तुम्ही सांगा त्यांना. तुम्ही माझ्यासाठी आला होतात ना? तुम्हीच म्हणालात, हे काम फक्त मी करू शकतो."

वीरधवलनं कप खाली ठेवला. तो वाईट मुलगा नव्हता, पण निर्मात्याचे तीन फोन त्याला सकाळपासून येऊन गेले होते आणि सही केलेला कागद समोर होता.

"काका," तो म्हणाला, "आजींचा शब्द मोडून मला इथं शूटिंग करता येणार नाही. तुम्हालाही ते बरं दिसणार नाही. मी बापाच्या कामासाठी दुसरं कुणीतरी बघतो. तुम्हाला सोडणार नाही मी. काहीतरी देतो. पोलीस पाटील आहे, सरपंच आहे..."

"ह्येला गावातलं काय बी देऊ नगा," राहीबाई म्हणाली. "गावानं काय केलंय ह्येचं?"

वीरधवल गोंधळला. तो कागदाकडं, मग अंगणाकडं बघत राहिला. "स्मशानात मामा होता ना?" त्यानं हळूच विचारलं. "म्हणजे तुम्हीच, काका. बापाच्या मागं उभा असलेला. त्याला संवाद नाहीत. नुसता उभा. एक दिवसाचं काम."

सगळे राहीबाईकडं बघायला लागले. तिनं पदर सारखा केला.

"त्यो करूंदे," ती म्हणाली. "त्यो त्येचाच हाय. पन नीट घ्या त्येला, येकदम जवळनं. लेकाचा बाप भुईवर टोपी हुडकतोय आन् मामा बगतोय. आन् तेराव्याला तीच पंगत दावा, त्यात मामाची जागा मोकळी दावा."

"आक्का," आकाराम म्हणाला. "चौतीस वर्सं..."

ती उठून आत गेली. कपबश्या घेऊन जाताना वीरधवलचा अर्धा चहा तिनं मोरीत ओतला, तो आवाज बाहेर आला. भाऊसो पारावर जायला निघाला. जाता जाता त्यानं विचारलं, "जमतंय का पाव्हणं? का ताप येनार हाय?"

आकाराम पायरीवर बसून राहिला. त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. मग उचलून मांडीवर घेतले, मग बाजूला टेकले. कसं उभं राहायचं, हात कुठं ठेवायचे, मान किती वळवायची, यातलं काहीच त्याला सुचत नव्हतं, कारण त्या दिवशी मागं उभ्या असलेल्या माणसाला त्यानं पाहिलंच नव्हतं. नाही म्हणून उठून जावं, असंही त्याच्या मनात आलं. एसटी साडेअकराला होती.

"काका, काय करू?" वीरधवलनं घड्याळ बघत विचारलं. "नाव लिहू?"

"लिहा," आकाराम म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "कपडे तुम्ही देणार का माझेच घालू?"

"तुमचेच चालतील," वीरधवल म्हणाला. "त्या दिवशी जे घातले होते ते असतील तर बघा."